सातावरची रेषा

माझी पहिली नोकरी फळं तपासायची होती. कृषीची पदवी झाली होती, दोन स्पर्धा परीक्षांच्या यादीत नाव आलं नव्हतं, आणि मोहाडीला घरी बाबा तहसिलीतून परत आले की माझ्याकडे न पाहता चपला काढायचे. त्या दिवसांत पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या रस्त्याला, शेतकऱ्यांच्या एका गटानं पेरू गोळा करून नागपूरला पाठवायचं केंद्र सुरू केलं. त्यांना हंगामापुरतं कुणीतरी हवं होतं. बागेत जाऊन फळ तोडायला आलं की नाही ते सांगायचं, आणि केंद्रावर आलेल्या फळातून चांगलं-वाईट निवडायचं. मी लगेच हो म्हटलं. पवनीला आत्या होती, अंगणवाडी सेविका, एकटीच राहायची. राहायचा प्रश्न मिटला. बाबांनी त्यांची स्कूटी मला दिली. ते स्वतः सायकलवर कचेरीत जायला लागले, हे मला फार नंतर कळलं.

पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. केंद्राच्या कागदावर पेरू आणि बागेत जाम, असं दोन तोंडांनी बोलायची मला सवय झाली.

काम मला आवडत होतं. हिवाळ्याच्या सकाळी पानांवर दव असतानाच बागेत शिरायचं. फळाचा गर्द हिरवा रंग उतरून पोपटी झालाय का ते बघायचं. वेगवेगळ्या झाडांची मिळून दहा फळं कात्रीनं देठासकट कापायची, लोखंडी कड्यातून ती जातात का अडकतात ते बघायचं, टोकदार दांडीच्या एका यंत्रानं घट्टपणा पाहायचा. आणि शेवटी गोडी. गोडी मोजायची नळी माझ्या पिशवीत काळ्या डबीत असायची. रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात तिला. एका टोकाच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, वरचं झाकण मिटायचं, नळी उजेडाकडे धरायची आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं. दोहोंच्या मधली रेषा ज्या आकड्यावर, ती त्या फळाची गोडी. केंद्राची अट दहाची होती. दहाच्या खाली रेषा गेली तर ती बाग नागपूरच्या गाडीत चढायची नाही.

मी तेवीस वर्षांची होते. माझ्या बाबांच्या वयाची माणसं माझ्यासमोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी डोळ्यावरची नळी काढून आकडा सांगायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार बरं वाटायचं.

डिसेंबरात चार दिवस अवकाळी पाऊस आला. पाऊस आला की फळात पाणी भरतं आणि गोडी उतरते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पावसानंतर मी ज्या बागा तपासल्या, त्यांची रेषा खाली खालीच येत गेली. आठ, साडेसात, आठ. तीन बागा मी नापास केल्या. केंद्राचे व्यवस्थापक, त्याच गटातले एक मोठे शेतकरी, रोज आभाळाकडे बघून पावसाला शिव्या देत होते. माझ्याकडे कुणी संशयानं पाहिलं नाही. मीही नाही.

चौथी बाग होती ती पुनर्वसनाच्या गावातल्या एका काकाजींची. धरणात त्यांचं जुनं गाव गेलं होतं. नव्या गावात सगळी घरं एका मापाची, रस्ते सरळ, आणि झाडं अजून माणसाच्या उंचीची. काकाजी पन्नाशीचे, उंच, खांद्यावर दुपट्टा, बोलणं अगदी मोजकं. गावापासून थोडं दूर त्यांनी एक तुकडा घेतला होता आणि त्यात ऐंशी जाम लावले होते, दहा-दहाच्या आठ ओळी. चौथं वर्ष होतं. पहिला भरघोस बहार. मी गेले तेव्हा फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिले होते. फळ एकसारखं, डाग नाही, माशीचं छिद्र नाही. आतापर्यंत पाहिलेल्या बागांमध्ये मला ती सगळ्यात देखणी वाटली.

काकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्या मागेमागे फिरत होत्या. ठेंगण्या, भराभर बोलणाऱ्या. "पाहा वं बाई, एकेक झाडाले मी हातानं पाणी देल्लं हाय. बोअर बंद पडली होती तवा घागरीनं."

मी दहा फळं घेतली, बांधावर बसले, चिरून रस काढला. पहिलं फळ. रेषा सातावर. दुसरं. सात. तिसरं साडेसात. दहाही फळं झाली. मला वाईट वाटलं.

"काकाजी, गोडी नाही धरली," मी म्हटलं. "सात आहे."

"सात म्हंजे?"

"दहा पाहिजे."

त्यांनी दुपट्ट्यानं हात पुसले. मग म्हणाले, "लिहा."

मी कागदावर लिहिलं. तारीख, गाव, झाडं ऐंशी, गोडी सात, आणि खाली सही. त्यांनी कागद घेतला, नीट पाहिला आणि चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला.

काकू म्हणाल्या, "काय सात-दहा करून राहिली? खाऊन तं पाहा. गुळावानी हाय."

मी हसले. दहा फळं चिरून माझी बोटं चिकट झाली होती. "काकू, मशीनवर पाहिलं ना," मी म्हटलं. त्यांनी चार जाम माझ्या पिशवीत टाकलेच.

मी निघणार तोच काकाजींनी विचारलं, "पुढल्या सालाले वाढन का जी गोडी?"

खरं उत्तर होतं, मला माहीत नाही. पाऊस झालाय, आठ दिवसांनी परत बघू. पण त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला त्यांच्यावरचा दोष काढून दुसऱ्या कुणावर तरी टाकावासा वाटला. मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही काकाजी. तुम्ही बाग छानच सांभाळली. रोपंच फसवून दिली असतील. कलम म्हणून बियांची रोपं विकतात."

"मंग ते सुधरत नाई?"

"जात कशी सुधरेल? मुळातच तसं असतं ते."

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी मला नमस्कार केला. मी स्कूटी चालू केली. मला वाटलं, मी त्यांना धीर दिला.

पुढचे दिवस मी केंद्रावर निवडणीतच होते. चार दिवसांनी संध्याकाळी आत्याकडे स्वयंपाक चालला होता. बुद्धवंदना आटोपून आत्या चुलीपाशी आली आणि भाजी नाही म्हणून माझी पिशवी चाचपायला लागली. खाली ते चार जाम होते, विसरलेले, थोडे पिवळे पडलेले. तिनं एक चिरला, तिखट-मीठ लावलं आणि फोड तोंडात टाकली.

"कुठचा वं हा जाम?"

"नापास आहे तो," मी म्हटलं. "गोडी नाही त्याला."

"तुले गोडी समजते का?" आत्या म्हणाली आणि दुसरी फोड माझ्या तोंडाजवळ धरली. तिखट-मीठ न लावलेली.

मी चावली आणि थांबले. गोड होती. नुसती बरी म्हणावी तशी नाही, जिभेच्या मागपर्यंत जाणारी गोड. ठेवल्यामुळे मऊ पडल्यावर असं लागतं, मी मनात म्हटलं. पण चार दिवसांत सातचे बारा होत नाहीत, हे मला माहीत होतं. मी उठले, डबी आणली, त्याच फोडीचा रस काचेवर पिळला आणि बल्बकडे बघितलं. रेषा आठावर.

आत्या माझ्याकडे बघत होती. मी काच पुसली आणि पेल्यातलं साधं पाणी टाकलं. पाण्याची रेषा शून्यावर यायला हवी. रोज सकाळी कामाला निघायच्या आधी हे एवढंच करायचं असतं. पाणी टाका, रेषा शून्यावर नसेल तर वरचा छोटा स्क्रू फिरवा. पहिल्या पंधरवड्यात मी रोज केलं. नंतर घाई वाढली तसं सुटत गेलं.

रेषाच नव्हती. सगळं निळं. शून्याच्याही खाली कुठेतरी गेली होती, जिथे आकडेच नसतात.

मी पेल्यात साखर टाकली, ढवळली. तरी निळंच. आणखी टाकली. आणखी. मग एकदाची रेषा वर आली आणि शून्यावर टेकली. मी ते पाणी पिऊन बघितलं. सरबत होतं. आणि माझी नळी म्हणत होती, यात काही नाही.

"काय झालं?" आत्या म्हणाली. "तोंड काहून असं पांढरं पडलं?"

  मग आठवलं. पावसाच्या आदल्या दिवशी एका बागेतून निघताना डबी उघडीच राहिली होती आणि नळी हातातून सुटून बांधावरच्या दगडावर पडली होती. मी उचलली, फुंकली, डोळ्याला लावली. रेषा दिसत होती. म्हणून ठीक आहे समजले. त्यानंतरच्या चारही बागा याच नळीनं मोजल्या होत्या. पावसानं नाही, मी खाली आणली होती गोडी.

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग कायले रडतं? उद्या जा, सांग. फळ अजून झाडालेच हाय ना?"

हो, फळ झाडालाच होतं. त्याच आधारावर मी झोपले.

सकाळी स्क्रू फिरवून, पाण्यानं तीनदा तपासून मी आधी काकाजींच्याच शेतात गेले. वळण घेतलं तेव्हा वाटलं, रस्ता चुकला. समोर मोकळं दिसत होतं. मी स्कूटी थांबवली, मागे वळून खूण पाहिली. तोच नाला, तोच विजेचा खांब. मग परत समोर पाहिलं.

झाडं कापली होती. गुडघ्याएवढे बुंधे राहिले होते, सहा ओळी. वरच्या फांद्या जिथल्या तिथे आडव्या पडल्या होत्या आणि पानं अजून हिरवी होती, फक्त कडांना मुरडलेली. फळं फांद्यांनाच होती. कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या होत्या आणि त्या शांतपणे जाम खात होत्या. कच्च्या लाकडाचा आणि पिकलेल्या फळाचा मिळून एक वास येत होता. विहिरीकडच्या दोन ओळी तेवढ्या उभ्या होत्या.

मी हेल्मेट काढलं नाही. उतरलेसुद्धा नाही. पाय जमिनीला टेकवून बसून राहिले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं आणि ते माझंच होतं: जात कशी सुधरेल?

काकाजी शेतातल्या झोपडीतून बाहेर आले. अंगात ताप होता हे दुरून कळत होतं, दुपट्टा कानावरून घट्ट बांधलेला. मला बघून त्यांनी हात जोडले.

"या मॅडम. दोन ओळी राहिल्या जी. बुखार आला, म्हनून राहिल्या. परवा पाडतो." मग म्हणाले, "आता तुमीच सांगा, याच्यात काय लावू? तुमी सांगान ते लावतो."

  "येते," एवढं म्हटलं आणि स्कूटी वळवली. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. मी पळाले. नळी माझ्या पिशवीत होती, नीट केलेली, आणि मी पळाले.

केंद्रावर जाऊन व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. ते क्रेट मोजत होते, मोजणं थांबवून ऐकलं. पहिल्यांदा त्यांनाही घाम आला. मग त्यांनी दार लोटलं.

"तू त्याले झाडं पाडा असं म्हटलं का?"

"नाही. पण..."

"मंग झालं. पाडले त्यानं. आपण फक्त फळ नाई घेतलं. आता जाऊन सांगशील तं गावात कोनी केंद्राले माल देईन का? बाकीच्या तीन बागा परत तपासून घेऊ, पाऊस उतरला म्हनून गोडी आली म्हनू. खोटं थोडीच आहे? येतेच गोडी."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या बोलण्यात पटण्यासारखं बरंच होतं, आणि मला ते पटवून घ्यायचंही होतं. दुपारपर्यंत मी निवडणीच्या टेबलावर उभी राहिले. फळ हातात यायचं, फिरवायचं, डाग बघायचा, फोमच्या जाळीत सरकवायचं. दीडच्या सुमारास एक क्रेट उघडला आणि वरचं फळ अगदी तसं होतं, पोपटी, एकसारखं. मी ते खाली ठेवलं आणि कुणाला न सांगता निघाले.

दोघंही शेतातच होते. काकू फांद्या ओढून एका बाजूला लावत होत्या. मी बांधावर बसले, पडलेलं एक फळ उचललं, चिरलं. पहिल्यांदा रस काचेबाहेर सांडला. दुसऱ्यांदा टाकला. बघितलं. मग नळी काकाजींच्या हातात दिली आणि म्हटलं, "बघा."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यात बघितलं असावं. बराच वेळ लागला. "रेघ दिसून राहिली."

"कितीवर आहे?"

"बारा हाय का हे?"

"हो."

"त्या दिवशी तं सात होते."

"माझी नळी बिघडली होती काकाजी. पडली होती माझ्या हातून. मी तपासली नाही. तुमची बाग तेव्हाही बाराची होती. ती जातीची गोष्टही मी उगाच बोलले. मला काही माहीत नव्हतं."

एका दमात बोलले. शेळ्या हाकलायला कुणी नव्हतं, त्या खातच होत्या. काकाजींनी नळी डोळ्यापासून काढली, उलटीसुलटी पाहिली आणि मला विचारलं, अगदी साधं, रागावून नाही:

"मंग आजचं खरं कशावरून?"

 पाणी, शून्य, स्क्रू, हे सगळं तोंडावर आलं होतं. पण बिघडलेल्या नळीच्या हिशेबानंसुद्धा त्या दिवशी मी इतक्याच खात्रीनं बोलले होते. 

काकू इतका वेळ फांदी धरून उभ्या होत्या. त्यांनी ती टाकली. "मी पहिल्या दिवसापासून म्हनून राहिली, खाऊन पाहा, खाऊन पाहा. यायनं त्या कागदाले हात लावून पाहिलं, जामाले नाई लावला. चार दिवस तोंडात घातला नाई. म्हने, आता कायले खावू." त्यांचा आवाज वर चढला. "अन् तू! तुले तं मी हातात देल्ला होता!"

मी मान खाली घातली. त्या माझ्या अंगावर धावून आल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या फांद्यांच्या ढिगावर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. काकाजींनी चिरलेल्या फळाची एक फोड उचलली आणि खाल्ली. चावत राहिले, गिळायला फार वेळ लागला. मग तिथेच खाली बसले आणि त्या सहा ओळींकडे बघत राहिले. त्यांना तेव्हा धक्का बसला. आधी सात ऐकून बसला त्याहून मोठा. मी तो समोर बसून पाहिला, आणि माणसाचा चेहरा असा रिकामा होताना मी परत कधी पाहिलेला नाही.

शेवटी मीच बोलले, कारण मला एवढं एकच खरं माहीत होतं. "काकाजी, जाम बुंध्यातून फुटतो. मुळं खणू नका. जखमेला लेप लावला तर उन्हाळ्यात धुमारे येतील. सगळ्यांना नाही. पण येतील."

"कशावरून?" काकू म्हणाल्या.

"मी लावते लेप."

दुसऱ्या दिवशी मोरचूद आणि कळीचा चुना घेऊन गेले. केंद्रावर सुट्टी सांगितली. प्लॅस्टिकच्या बादलीत दोन्ही भिजवून निळा लेप केला आणि एकेका बुंध्याच्या कापावर ब्रशनं लावत गेले. कुऱ्हाडीचे घाव तिरपे होते, कुठे साल खालपर्यंत सोलून आली होती. आधी विळ्यानं ती साफ करायची, मग लेप. साठ बुंध्यांना तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी काकाजी झोपडीतून नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तसे येऊन सोलपटं काढायला लागले. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या, पण दुपारी भाकरी आणि वांग्याची भाजी माझ्यासमोरही ठेवली.

तिसऱ्या दिवशी मी काकाजींना विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "काकाजी, एका कागदावर साठ झाडं? दुसऱ्या कुणाला विचारलं पण नाही तुम्ही?"

ते साल काढतच राहिले. मग बोलले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

"जुन्या गावात आमच्या घरामांगं पाच आंबे होते. मोजणीवाले आले. झाडाले लाल पेंटनं नंबर टाकले. कागदावर चार लिवले. मी म्हटलं, साहेब, पाच हाय. ते म्हने, चार हाय. मी त्यायले झाडाखाली नेलं जी. पाचव्या झाडाले हात लावून उभा राहिलो. म्हने, कागदावर चार हाय, तुमी पाच कसे म्हनता? मंग मी घरी आलो अन् पुना मोजले. रातच्यानं नाई, दिवसा मोजले, बोट लावून. मलेच वाटू लागलं, का चारच होते का?"

"मग?"

"मंग काय. चार तोडले, लाकूड आनलं. पाचव्याले हात लावाची हिंमत नाई झाली. तो कागदावर नव्हता ना. तसाच उभा होता. पाणी चढलं तवा आमी टेकडीवरून पाहिलं, शेंडा दिसे." त्यांनी विळा पुसला. "तवापासून कागदाशी भांडत नाई मी, बाई."

मी ब्रश बादलीत बुडवला आणि तो तसाच धरून राहिले. लेप हातावरून कोपरापर्यंत ओघळला. तोवर मला वाटत होतं की मी एक आकडा चुकीचा सांगितला. मी कुणाला सांगितला होता, ते मला तेव्हा कळलं.

उरलेल्या तीन शेतकऱ्यांनाही मी जाऊन सांगितलं. एकानं गेटच्या आत घेतलं नाही आणि बाहेर उभं करून जे बोलायचं ते बोलला. एकानं माल केव्हाच बाजारात नेला होता, तो हसला आणि चहा पाजला. तिसऱ्याची बाग मी परत तपासली, साडेअकरा आली, त्यानं फळ दिलं. व्यवस्थापकांनी मला काढलं नाही. हंगाम संपेपर्यंत ठेवलं, माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. काकाजींच्या उभ्या दोन ओळींचं फळ मात्र त्यांनी स्वतः गाडी पाठवून नेलं. त्या दिवशी मी केंद्रावरच होते. वीस झाडांचा माल, सगळा अव्वल. मी एकेक फळ जाळीत भरलं आणि कुणीही माझ्याशी बोललं नाही.

मार्चात मी मोहाडीला परत गेले होते. एका दुपारी आत्याचा फोन आला, ती अंगणवाडीच्या बैठकीला त्या गावी गेली होती आणि मुद्दाम शेतापर्यंत चालत गेली होती. "फुटले वं," ती म्हणाली. "लाल लाल कोंब आले." मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. बाबा आले, चपला काढता काढता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं? मी त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

मी त्या बागेत परत गेले ती दोन वर्षांनी. तोवर मला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. फुटलेली झाडं बुटकी आणि पसरट झाली होती, फळ कमरेएवढ्या उंचीवर लागलं होतं. काकू हातानंच तोडत होत्या. एकोणीस झाडं फुटलीच नव्हती. काही घाव फार खाली बसले होते. ते बुंधे काकाजींनी खणून काढले होते आणि त्या जागी तूर टाकली होती. बागेत मध्येमध्ये तुरीचे पट्टे, फुलावर आलेले.

काकाजी म्हणाले, केंद्रावरून आता एक नवा मुलगा येतो. "त्याले मी पहिले काचेवर पाणी टाकाले लावतो. चिडते तो. मी म्हनतो, चिड." आणि हसले. मला हसता आलं नाही. माझी नजर तुरीवरच होती.

काकूंनी चहा आणला. माझ्या नोकरीचं विचारलं, लग्नाचं विचारलं, आत्याच्या गुडघ्यांचं विचारलं. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. निघताना मी तुरीच्या पट्ट्याच्या कडेनं चालत स्कूटीपाशी आले, आणि गेलेल्या झाडांच्या किती जागा आहेत ते पुन्हा एकदा मोजायला लागले. अकरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.